नवरदेवाच्या पुढचे फील्डमार्शल

लग्नाच्या मिरवणुकीत सर्वांत निरुपयोगी माणूस कोण असेल, तर तो नवरदेव. त्याला घोड्यावर चढवायला दोघं लागतात, उतरवायला चौघं. आणि मधल्या काळात घोडा उधळू नये एवढीच प्रार्थना त्याच्या हाती असते. खरी ऐट असते ती त्याच्या पुढे चालणाऱ्या बँडवाल्यांची. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, छातीवर कुठल्याही लढाईत न मिळवलेली पदकं! एवढे फील्डमार्शल एका वेळी फक्त आमच्या पहूरच्या रस्त्यावरच दिसत असतील.

हा पोशाख आला इंग्रजांच्या पलटणीतून. पलटणींबरोबर पितळी वाद्यं आली, संस्थानिकांनी ती पाहिली आणि हत्तीघोड्यांबरोबर बँडही पदरी ठेवला. राजानं ठेवला म्हणजे सावकाराला हवा, सावकाराला हवा म्हणजे पाटलाला पाहिजेच. मागणी वाढली तशी वाद्यं इथंच घडू लागली. ज्या मेरठेत १८५७ साली इंग्रजांवर बंदूक उगारली गेली, त्याच मेरठेत १८८५ साली नादिर अली या बँडमास्तरानं वाद्यांचा व्यवसाय उभा केला. बंदुकीनं जे जमलं नाही ते ट्रम्पेटनं साधलं. साहेब गेला, त्याचा कोट आमच्या वऱ्हाडापुढं नाचायला राहिला.

आता हे वाद्य फुंकणारे कोण? आमच्या गावच्या बँडमधली जुनी मंडळी मी लहानपणापासून पाहत आलो. क्लॅरिनेटवाले काका पेशानं शिंपी. दिवसभर तोंडात टाचण्या धरून ओठ इतके तयार झालेले, की क्लॅरिनेटची पट्टी त्यांना टाचणीपेक्षा सोपी वाटे. "भाऊ, मशीनच्या पायट्यानं ताल शिकवला मले," असं ते सांगत. ट्रम्पेटवाले एस. टी. तून निवृत्त झालेले कंडक्टर. दोनदा घंटी मारली की गाडी सुटते, या हिशेबानं तेही दोन फुंकरी मारल्याशिवाय गाणं सुरू करत नसत. आणि "पुढं सरका, पुढं सरका" हे वाक्य वऱ्हाडालाही तितकंच लागू पडे. मोठा ढोल जिनिंगमधल्या हमालाकडे, कारण कापसाची गाठ उचलणाऱ्याला ढोलाचं ओझं ते काय! बास फुंकणारे एके काळचे पैलवान. ते कुस्त्या कमी जिंकले, पण दम शाबूत ठेवून आखाड्याबाहेर पडले. आणि खुळखुळा? तो मालकाच्या जावयाकडे. त्याबद्दल गावात कोणी कधी प्रश्न विचारला नाही.

कोणी म्हणेल, हे कसले कलावंत! तर सॅक्सोफोन ज्यानं शोधला त्या अडॉल्फ सॅक्सचं चरित्र पाहा. १८१४ साली बेल्जियममध्ये जन्मलेलं हे पोर जिन्यावरून पडलं, टाचणी गिळून बसलं, तेजाबाचं पाणी प्यालं, आणि एवढं होऊनही जगलं. शेजारीपाजारी त्याला जिवंतपणी भूत म्हणत. या भुतानं १८४६ साली सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. इंग्लंडात तर कापडगिरणीतले आणि कोळशाच्या खाणीतले कामगारच बँड वाजवत. अमेरिकेच्या दक्षिणेत जॅक्सनव्हिल गावात काही पोरांना लांब केसांबद्दल छळणारे लिओनार्ड स्किनर नावाचे ड्रिल मास्तर होते. पोरांनी पुढे आपल्या रॉक बँडला त्यांचंच नाव थोडं वाकडं करून दिलं आणि ते जगभर वाजवलं. आमच्याकडे बँडला नाव देतात ते देशाचं, देवाचं नाहीतर वडिलांचं. मास्तरांचा असा सूड घेण्याची कल्पना आम्हांला सुचली नाही.

गोव्यातल्या वादकांचं भाग्य थोडं वेगळं. चर्चच्या शाळांतून ते स्वरलिपी शिकले आणि मुंबईच्या सिनेमात गेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांनी कागदावर मांडलेले सूर शंभर माणसं एकदम वाजवत. पहूरला ना चर्चची शाळा, ना कागद. आमची शाळा म्हणजे रेडिओ सिलोन. १९५२ साली 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बँडवाल्यांना बुधवारी नवा धडा मिळू लागला. बुधवारी ऐकलेलं गाणं रविवारच्या लग्नात वाजे. मधले तीन दिवस शिंपीकाकांच्या दुकानात पायजम्यांना चालीवर टिपा पडत.

त्यातही सर्वांत चाललं ते १९५७ च्या 'नया दौर'मधलं, ओ. पी. नय्यर यांचं गाणं. आहे देशाच्या वीर जवानांचं. वाजतं मात्र आयुष्यातल्या सर्वांत घाबरलेल्या जवानापुढं. त्या सिनेमाची गोष्ट आठवा. टांगा आणि मोटार यांची शर्यत लागते आणि टांगा जिंकतो. ती चाल वाजवून ज्यांनी पोट भरलं, त्यांच्याच अंगावर ती गोष्ट चालून आली. बँडपुढं डीजेची गाडी येऊन उभी राहिली. सिनेमात टांगा जिंकला, कारण दिग्दर्शक टांग्याच्या बाजूचा होता. पहूरच्या रस्त्यावर दिग्दर्शक नाही. वीस माणसांचा दम एका जनरेटरला पुरा पडेना. २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हा वऱ्हाडी मोजावेत की वाजंत्री, असा पेच पडला, आणि तो वाजंत्री वगळून सुटला. पाचोरा-जामनेरची आमची छोटी गाडीही त्याच वर्षी थांबली. दोघांचाही वेग सारखाच होता.

एक गोष्ट मात्र विनोदात बसत नाही. गावगाड्यात वाजवण्याचं काम पिढीजात मातंग, गुरव अशांकडे असे, आणि बलुत्याच्या धान्यावर भागे. बँडनं त्याची सुपारी केली, म्हणजे रोख इसार घेऊन ठरवलेलं काम. कोट चढवल्यावर माणसाला कोणी जात विचारत नसे. निदान मिरवणूक मारुतीच्या पारापर्यंत पोहोचेतो तरी. मग पंगत बसे. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटे आणि फील्डमार्शल मंडळी मांडवाबाहेर, वाद्यं मांडीवर घेऊन, शेवटच्या पंगतीची वाट पाहत बसत. ज्यांच्या फुंकरीवर आख्खी वरात नाचली, त्यांच्या बट्ट्या तोवर गार झालेल्या असत. "गारच बरी, दाताले सोपी," असं पैलवान म्हणत आणि सगळे हसत. त्या हसण्यात मला बासचा सूर कधी ऐकू आला नाही.

पहूरहून अजिंठा जवळच. तिथल्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी नाचते आहे आणि भोवती बायका बासऱ्या आणि ढोल वाजवताहेत. राजाचं नाव ठाऊक, गोष्टीचं नाव ठाऊक; वाजवणाऱ्यांचं नाव कोणी लिहिलं नाही. पण चित्रकारानं त्यांना मांडवाच्या आत, राजाच्या डोळ्यांसमोर उभं केलं. दीड हजार वर्षं झाली, अजून कोणी त्यांना बाहेर बसायला सांगितलेलं नाही.

आमच्या लग्नांच्या अल्बमात मात्र नाचणारे मामा आहेत, रुसलेले फुवा आहेत, घोडासुद्धा आहे. एखाद्या फोटोच्या कडेला अर्धा लाल कोट आणि एक फुगलेला गाल दिसतो. तेवढा गाल जपून ठेवा. तुमच्या लग्नातली सगळी हवा त्यातच होती.