कलमकसाई आणि जगद्गुरू : दोन वाड्यांतील शिव्या

पुण्याच्या बुधवार पेठेतील दोन वाडे डोळ्यांसमोर आणा. भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मोरोबादादांच्या वाड्यात जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या साथीने न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पेठ एकच, अपशब्दांची टांकसाळ मात्र निराळी.

‘निबंधमाले’त शास्त्रीबुवांनी फुल्यांना ‘शूद्र जगद्गुरू’ म्हणून हिणवले. ‘जगद्गुरू’ ही वास्तविक गौरवाची पदवी. तिच्याशेजारी जात बसवताच तिची शिवी झाली, कारण शूद्राने गुरुपदी बसणे हेच हास्यास्पद, असे वाचकालाही वाटते हे लेखकाने गृहीत धरले होते.

दुसरा वार व्याकरणावर होता : फुल्यांची भाषा अशुद्ध. हा शब्द जरा थांबून पाहा. लेखन अशुद्ध असते. सोवळे पाळणाऱ्या समाजात माणूसही अशुद्ध असतो. अशा अमूर्त शब्दाला पुरावा लागत नाही. शुद्ध काय हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे आहे, हे तो उच्चारताच मान्य होऊन जाते.

फुल्यांपाशी तो अधिकार नव्हता. त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी उचलल्या. कागदोपत्री रयतेला नाडणारा कुळकर्णी त्यांच्या लेखी ‘कलमकसाई’. लेखणी आणि सुरी दोन्ही शेतकऱ्याच्या ओळखीच्या. त्याला शब्दकोश उघडावा लागत नाही. (अमूर्ताचे त्यांना वावडे होते असे मात्र नव्हे. १८७३ च्या ग्रंथाचे नाव ‘गुलामगिरी’, आणि दहा वर्षांनी लिहिलेला ‘असूड’!)

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण धाडले. फुल्यांनी ते पत्राने नाकारले, आणि हे पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. शूद्रातिशूद्रांची दुःखे न भोगता त्यांच्याविषयी बोलणारे ग्रंथकार त्यांना उंटावरून शेळ्या वळणारे वाटले. शिवाय ‘घालमोडे दादा’ हे संबोधन होतेच. एरवी ‘सहानुभूतीचा अभाव’ असे कोणी लिहिले असते. त्यावर मान डोलावून सभा पुढे चालली असती. उंटावर बसलेला विद्वान मात्र विसरता येत नाही.

चिपळूणकर १८८२ मध्येच वारले होते. हे पत्र त्यांनी वाचले नाही. पत्राच्या शेवटी फुल्यांनी सभेला एका म्हाताऱ्याचा सलाम कळवला. तोही मराठीत नव्हे, रस्त्यावरच्या दखनी हिंदुस्थानीत.