चुकून सापडलेला घोडा

सहावीच्या वर्गात मी एकदा समुद्रघोड्याचे चित्र दाखवीत होतो. ह्याला पकडण्यास आपल्याकडे बंदी आहे, असे सांगताच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "मग तो जाळ्यात येतोच कसा, गुरुजी?" मी म्हणालो, "चुकून." उत्तर खोटे नव्हते, परंतु घरी येईपर्यंत तो शब्द मला टोचत राहिला. कारण ह्या 'चुकून'लाही एक इतिहास आहे.

वास्तविक हा मासाच. पण तोंड घोड्याचे, शेपूट माकडासारखे, आणि पिले वाढवण्याची पिशवी नराच्या पोटाशी! ग्रीक पुराणांतील अर्धअश्व-अर्धमत्स्य प्राण्याचे नाव, हिप्पोकॅम्पस, शास्त्रज्ञांनी त्याला दिले. १८५२ साली ब्लीकर ह्या डच डॉक्टराने पूर्वेकडील एका जातीला 'कुडा' म्हटले. मलाय भाषेत कुडा म्हणजे घोडाच. आमचे तमिळ कोळीही त्याला 'कडल कुदिरै', म्हणजे समुद्राचा घोडाच म्हणतात.

नावाने घोडा असला तरी त्याला धावता येत नाही. संकट आले की समुद्रगवताच्या काडीला शेपटीची मिठी मारून तो स्तब्ध राहतो. हजारो वर्षे ह्या युक्तीने त्याला तारले. पुढे १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे ह्यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींडकरा येथे यांत्रिक मासेमारीचे काम सुरू झाले. हेतू चांगला होता. भुकेल्या देशाला अन्न हवे होते. मात्र त्यातूनच पुढे कोळंबीसाठी ट्रॉल जाळे रूढ झाले. हे जाळे समुद्राचा तळ खरवडीत जाते. पळणारा एखादा मासा वाचेल. मिठी मारून बसणारा कसा वाचणार? ज्या गुणाने जगला त्याच गुणाने तो सापडला.

सापडलेल्याला गिऱ्हाईक मिळाले. चिनी औषधांसाठी वाळवलेल्या समुद्रघोड्यांचा व्यापार केवढा आहे, हे अमांडा व्हिन्सेंट ह्या विदुषीने १९९६ साली अहवालातून जगापुढे मांडले. भारताने २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले; २००४ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले. कायद्याने माणसाचा हात धरला. जाळ्याला मात्र हात नसतो. वीसएक देशांत मिळून वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे असे अनाहूतपणे जाळ्यांत येतात, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला.

मग सोडवायचे कसे? फिलिपाईन्समधील हांडुमोन गावची हकिकत सांगण्यासारखी आहे. तेथील कोळी रात्री कंदील घेऊन मुद्दाम समुद्रघोडे धरीत, त्यावरच त्यांची चूल पेटे. १९९५ साली त्यांनी गावासमोरचे काही पाणी मासेमारीस बंद केले. आणि गर्भार नर सापडला तर पिले समुद्रात जाईपर्यंत त्याला पाण्यातल्या पिंजऱ्यात सांभाळू लागले. पोटासाठी धरणाऱ्या हातांनीच ही सुइणीची कामगिरी केली.

आपल्या कोळीबांधवाला एवढेही करावे लागत नाही. जिवंत समुद्रघोडा दिसला तर ओल्या हाताने, शेपूट न ओढता, त्याला तत्काळ पाण्यात सोडावे. दया म्हणून घरी आणू नये. एक तर तो गुन्हा आहे, आणि त्याला जठर नसल्यामुळे जिवंत बारीक खाद्य दिवसभर पुन्हापुन्हा लागते.

पण तासन् तास ओढलेल्या जाळ्यातून तो पुष्कळदा मेलेलाच वर येतो. तेव्हा खरी सुटका डेकवर नव्हे, तळाशी आहे. तमिळनाडूच्या १९८३ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या ठरावीक पट्ट्यात ट्रॉलरना मनाई आहे. गवताची कुरणे बहुधा अशा उथळ पाण्यातच असतात. ती रेषा पाळली गेली तर कितीतरी मिठ्या सुटणार नाहीत.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर बदलून सांगितले, "बाळ, पहिल्यांदा जे होते ते चुकून. ठाऊक झाल्यावरही होत राहते, त्याला दुसरे नाव शोधावे लागेल."