सिएटलपूर्वीचे एक निवेदन

जयपूरच्या बनी पार्कात ‘कट्स’ या संस्थेचे मुख्यालय आहे. 1983 मध्ये प्रदीप मेहता यांनी उभी केलेली ही ग्राहकहक्कांची संस्था. सुरुवात ‘ग्राम गदर’ नावाच्या, खेड्यांसाठीच्या भित्तिपत्रकापासून. 1999 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सिएटल परिषदेच्या तोंडावर तिसऱ्या जगातील विचारवंत आणि स्वयंसेवी संस्थांच्या सह्यांचे एक निवेदन निघाले, त्यामागे मेहता होते आणि जगदीश भगवती होते. भगवती म्हणजे मुंबईत जन्मलेले, सिडनहॅममध्ये शिकलेले अर्थतज्ज्ञ, खुल्या व्यापाराचे खंदे पुरस्कर्ते. निवेदनाची मागणी एवढीच, की कामगार आणि पर्यावरणाचे निकष व्यापारकरारांना जोडू नका.

‘आधी विकास, पर्यावरण मागाहून’ असा त्याचा अर्थ लावणे सोपे आहे, पण मजकूर तसे म्हणत नाही. पर्यावरण सुधारावे हे सह्या करणाऱ्यांना मान्यच होते. त्यांचा आक्षेप जागेला होता: हे प्रश्न व्यापार संघटनेत आले की श्रीमंत देशांतील उद्योगांना स्पर्धा रोखायला निमित्त मिळते, म्हणून ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात न्यावेत.

एवढी धास्ती का, याचे उत्तर वर्षभर आधीच्या कागदात सापडते. जाळ्यात कासवे सापडू नयेत अशी सोय न करणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने अडवली होती. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी व्यापार संघटनेकडे दाद मागितली. 12 ऑक्टोबर 1998 च्या अपिलाच्या निकालात अमेरिका हरली, पण कशावर? देशादेशांत भेदभाव केला म्हणून. कासवांच्या रक्षणासाठी आयात अडवता येईल, हे तत्त्व निकालाने मोडीत काढले नाही. निवेदन याच फटीला उद्देशून होते, असा माझा तर्क आहे.

हवामानाच्या बाबतीत ही फट 1992 पासूनच कागदावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या कलम 3(5) मध्ये खुल्या अर्थव्यवस्थेतून होणाऱ्या शाश्वत आर्थिक वाढीचा पुरस्कार आहे, आणि हवामानाच्या नावाने छुपे व्यापारनिर्बंध नकोत असेही आहे; सरसकट मनाई मात्र नाही. भाषा थेट गॅट या व्यापारकराराच्या विसाव्या कलमाच्या वळणाची.

वाढीचाच प्रश्न मात्र दुसरीकडे लढला गेला होता. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या नोव्हेंबर 1993 च्या अंकात भगवती आणि अर्थतज्ज्ञ हर्मन डॅली समोरासमोर आले. वाढीतून पर्यावरणासाठी पैसा उभा राहतो, असे भगवतींचे म्हणणे. पृथ्वीच्या मर्यादेत अर्थव्यवस्थेचा पसारा मावणार किती, हा डॅलींचा सवाल. 1999 चे निवेदन या सवालाकडे वळत नाही. कोळंबीच्या वादात ते खपून गेले. कार्बन कुठूनही निघाला तरी सगळ्यांच्या हवेत जातो, तिथे ही उणीव ठळक दिसते.

भगवतींना ती जाणवली असावी. 2006 मध्ये त्यांनी जुन्या उत्सर्जनाची भरपाई श्रीमंत देशांनी एका निधीत भरावी असे सुचवले. नमुना होता अमेरिकेतल्याच, विषारी कचरा साफ करण्यासाठीच्या 1980 च्या कायद्याचा.

तो निधी उभा राहिला नाही. आला तो युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार. 1 ऑक्टोबर 2023 पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातदारांना उत्सर्जनाची माहिती देणे भाग पडले. 2026 पासूनच्या आयातीवर पैसेही मोजावे लागतात. त्या पैशावर माल पाठवणाऱ्या देशाचा हक्क नाही.