बाग निजामातील चिमण्या

सीना नदीच्या काठी वसलेल्या नगर शहराचा उगम शोधू गेल्यास आपण एका बागेपाशी येऊन पोहोचतो. इ. स. १४९० च्या मे महिन्यात मलिक अहमदाने बहामनी सेनापती जहांगीरखान याचा जेथे पराभव केला, तेथेच त्याने महाल बांधून बाग लावली, आणि त्यामुळे ती लढाई ‘बागेची लढाई’ म्हणून तवारिखांत नोंदली गेली. पुढे १५५९ पासून हुसेन निजामशहाने त्याच बाग निजामाभोवती दगडी तट उभारून आजचा भुईकोट किल्ला सिद्ध केला.

पर्जन्यछायेच्या या मुलखात बाग राखावयाची तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो. म्हणून निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवले गेले, आणि मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास, सलाबतखानाने पुरा केलेला फराहबागेचा महाल तर भर तलावात उभा राहिला. वैशाखात भोवतालचे माळ करपून गेले असता जेथे पाणी आणि सावली टिकते, तेथे पाखरे आमंत्रणावाचून येतात. परंतु वेढे, तह आणि तख्ताचे वारस यांचीच दाटी झालेल्या तवारिखांत त्यांना जागा कोठून मिळणार? नगरच्या पाखरांना त्यांचा बखरकार लाभला तो साडेतीन शतके उलटल्यावर, आणि तोही एका राजबंदीच्या रूपाने.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना याच किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव अशी ती मंडळी होती. अंगणातील जमीन दगडगोट्यांची आणि जुन्या इमारतींच्या राड्यारोड्यांनी भरलेली असूनही त्यांनी तेथे फुलझाडांचे वाफे तयार केले. नेहरूंच्या कुदळीला तर खणता खणता पुरातन भिंतींचे आणि कमानींचे अवशेष लागले. निजामशहाच्या बागेच्या जागी पुन्हा एकदा बाग फुलली, आणि तिच्यामागोमाग बुलबुल, मैना, कावळे व चिमण्या यांची वर्दळ सुरू झाली.

मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी छतालाच घरटी केली होती. दिवसभर काड्या आणि कचरा अंगावर पडू लागला, तेव्हा लेखनात व्यत्यय आलेल्या त्या विद्वानाने प्रथम त्यांना हाकलून लावण्याचा चंग बांधला. परंतु चिमण्या पुनःपुन्हा परतल्या, आणि अखेर त्याने आपला हट्ट सोडून तांदळाचे दाणे पुढे केले. दाणे दूर ठेवावेत, दुसऱ्या दिवशी किंचित जवळ आणावेत, आपण मात्र निश्चल बसावे, असा क्रम चालू राहिला आणि चिमण्या थेट तळहातावर येऊन टिपू लागल्या. तोवर तो त्यांतील एकेकीला ओळखू लागला होता. कलंदर, मुल्ला, सूफी, मोती अशी नावे त्याने ज्याच्या त्याच्या स्वभावावरून ठेवली. १९४३ च्या मार्चमधील हा वृत्तांत स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांत आहे. कैदेतून ती पत्रे रवाना होऊ शकली नाहीत. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू ग्रंथाच्या रूपाने ती प्रसिद्ध झाली.

चिमण्यांचा तो वृत्तांत लिहिल्यावर महिना लोटण्यापूर्वीच, ९ एप्रिल रोजी, मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात निवर्तल्या, आणि पतीला अंतिम भेटही घडली नाही. हे जाणून ती पत्रे वाचू लागले की मोतीच्या पिलाचा प्रसंग मनात खोल उतरतो. ते पिलू निपचित पडून असे, आईने कितीही उत्तेजन दिले तरी पंख उघडेना. आणि एके दिवशी आपल्या ठायी काय शक्ती आहे याचा जणू आतूनच साक्षात्कार होऊन ते एकाएकी उडाले. ज्याची एकही वाट पहारेकऱ्याच्या हुकुमावाचून मोकळी नव्हती, अशा माणसाने ते उड्डाण डोळे भरून पाहिले आणि लिहून ठेवले. बाग निजामाच्या साडेचारशे वर्षांच्या इतिहासात पाखराकडे असे एकाग्र चित्ताने पाहिल्याची ही नोंद मला तहनाम्यांहून मोलाची वाटते.