रिकामी गादी आणि मतदार

अमेरिकेच्या काही घटकराज्यांत गव्हर्नर मुदतीत निवर्तला, तर त्याच्या जागी विशेष निवडणूक घेण्याची सोय आहे. बहुतेक ठिकाणी मात्र उपगव्हर्नरच पुढे येतो. आपल्याकडे असे काही का नाही? हा विचार आपल्या घटनाकारांना सुचलाच नव्हता असे नाही. १९४७ साली सरदार पटेलांनी घटना समितीपुढे मांडलेल्या प्रांतिक घटनेच्या आराखड्यात राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा आणि मध्येच जागा रिकामी झाल्यास विधिमंडळाने ती निवडणुकीने भरावी, असेच होते. मे १९४९ मध्ये ते सोडून देण्यात आले. साऱ्या प्रांताने निवडलेला राज्यपाल एका मतदारसंघातून आलेल्या मुख्यमंत्र्याला जुमानील काय, ही शंका आम्हांस रास्त वाटते.

महाराष्ट्रावर हा प्रसंग लवकरच आला. ६ ऑक्टोबर १९६२ रोजी राज्यपाल सुब्बरायन पदावर असतानाच वारले. मतदाराला कोणी विचारले नाही. २८ नोव्हेंबरला राष्ट्रपतींच्या नेमणुकीने विजयालक्ष्मी पंडित आल्या. दरम्यान चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि २० नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. म्हणजे त्यांनी शपथ घेतली तेव्हा राज्यपालपदाचा कारभारही हंगामीच होता!

कन्नमवार आपले शेजारी. समुद्रपूरची शीव ओलांडली की पूर्वीचा चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्हा लागतो. त्यातील मूलजवळचे मारोडा हे त्यांचे गाव. गरिबीतून वर आलेला हा माणूस महाराष्ट्र राज्याचा विदर्भातील पहिला मुख्यमंत्री. त्यांना जेमतेम वर्ष लाभले. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी ते गेले. दहा दिवस पी. के. सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले.

पद विदर्भातच राहिले, पण ठरवले कोणी? काँग्रेस विधिमंडळ पक्षाने. पोटनिवडणुकीस जागा उरली ती कन्नमवारांच्या सावली मतदारसंघातील आमदारकीची. आणि अशी जागा सहा महिन्यांत भरावी हे बंधनही कायद्यात १९९६ साली आले. निवडून दिलेल्यांनाच मुख्यमंत्र्याला खाली उतरवता यावे, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, हे आम्ही मानतो. तरी इकडच्या मतदाराला नाईकांच्या कारभारावर कौल देण्यासाठी १९६७ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत थांबावे लागले.