जालन्याच्या लोहमार्गाच्या जुन्या खुणा

आमच्याकडे इतिहासाचा शोध म्हटला कीं किल्ला, लेणें, ताम्रपट किंवा निदान एखादी रणभूमि तरी लागते. जालना जिल्ह्यास त्याची वाण नाहीं. जिल्ह्याच्या उत्तर भागांत असई आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीनें पराभव केला, व त्या लढाईवर आजवर पुष्कळ लेखन झालें आहे. परंतु त्यानंतर शंभर वर्षांच्या आंत या मुलखाच्या व्यवहाराला तोफांपेक्षांहि अधिक कायमचें वळण ज्या वस्तूनें दिलें, तिच्या अवशेषांकडे कोणी वळून पाहत नाहीं. ती वस्तु म्हणजे मीटरगेजचा रूळ.

निजामाच्या राज्यांत आगगाडी प्रथम आली ती दक्षिणेकडून. वाडी ते सिकंदराबाद हा रुंद मापाचा रस्ता १८७४ सालीं सुरू झाला. पुढें १८८३ सालीं राज्यांतील लोहमार्ग एका विलायती भांडवलाच्या कंपनीकडे सोंपविण्याचें ठरलें, तेव्हां हैदराबादेंत त्याविरुद्ध चळवळ झाली आणि तींत भाग घेतल्याबद्दल अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना राज्याबाहेर जावें लागलें. सरोजिनी नायडू यांचे हे वडील. लोहमार्गाचा प्रश्न हा केवळ इंजिनियरांचा प्रश्न नव्हे, कर्ज कोणाचें आणि हमी कोणाची हाहि त्यांत असतो, हें त्या मंडळींनीं तेव्हांच ओळखलें होतें.

मराठवाड्याच्या वांट्यास जो रस्ता आला त्याचें नांव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. मनमाडपासून औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड असा सिकंदराबादेपर्यंत सुमारे ३९० मैल लांबीचा हा मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ याच काळांतला. मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांमधील अंतर तीन फूट सव्वातीन इंचांहून किंचित् अधिक. उलट मनमाडास येऊन मिळणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचें अंतर साडेपांच फूट. अरुंद रस्ता स्वस्त पडतो, हें त्याचें कारण. आणि ज्या मुलखांत काहींच नव्हतें तेथें कांहीं आलें, हें मान्य केलेंच पाहिजे.

पण या सव्वादोन फुटांच्या फरकानें काय केलें तें पाहावें. जालना ही कापसाची पेठ. बैलगाड्यांनीं कापूस यावा, जिनांत सरकी निघावी, प्रेसमध्यें रुई दाबून सुमारे ३९२ पौंडांचा गठ्ठा बांधावा आणि तो मालडब्यांत चढवावा, येथपर्यंत सर्व सुरळीत. डबा पावणेदोनशे किलोमीटर जाऊन मनमाडास पोंचला कीं थांबला. पुढें रूळ होते, पण ते त्याच्या चाकांचे नव्हते. प्रत्येक गठ्ठा हमालांच्या पाठीवरून लहान डब्यांतून मोठ्या डब्यांत जायचा. मुंबईहून येणाऱ्या यंत्राची, कापडाची, लोखंडाची गति तीच, फक्त दिशा उलटी. या चढउतारीचा खर्च, वेळ आणि नासधूस प्रत्येक मालाच्या किमतींत मिसळत होती. "जालना, सोने का पालना" अशी म्हण या गांवाविषयीं लोकांच्या तोंडीं आहे. त्या पाळण्याची एक दोरी मनमाडच्या धक्क्यावर बांधलेली होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मराठवाडा मागें कां राहिला याचीं कारणें सांगतांना जहागिरी, शिक्षणाचा अभाव आणि पाऊस यांचा उल्लेख सगळे करतात. मापांतील या फरकाचा फारसा कोणी करीत नाहीं.

मालक मात्र बदलत गेले. १९३० सालीं निजाम सरकारनें हा मार्ग कंपनीकडून स्वतःकडे घेतला. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झाल्यावर तो भारतीय रेल्वेंत आला. १९६६ पासून तो दक्षिण-मध्य रेल्वेंत मोडतो. माप मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत तेंच राहिलें. म्हणजे सुमारें नव्वद वर्षें. नंतर रुंद रूळ पडले आणि मनमाडची ती अडवणूक संपली.

रूळ बदलले म्हणजे जुना मार्ग नाहींसा होतोच असें नाहीं. बहुधा नवा रस्ता जुन्याच भरावावर, तो रुंद करून, जातो. पण जेथें वळण सौम्य केलें असेल तेथें जुन्या भरावाचा तुकडा बाजूस पडून राहतो, आणि शेतांच्या बांधांत किंवा कारखान्याच्या कुंपणाच्या भिंतींत कारण नसलेला एक बांक दिसतो. मोरीच्या जुन्या घडीव दगडांना लागून सिमेंटचें नवें बांधकाम दिसलें, तर ओळखावें कीं ही मोरी वाढविलेली आहे. लोखंडी स्लीपर आढळल्यास त्यावरील रुळाच्या दोन बैठकींमधील अंतर मोजावें. तें खोटें बोलत नाहीं. फाटकाचे खांब, गोठ्याचे आढे, दुकानाच्या छताचा आधार, अशा ठिकाणीं रुळाचे तुकडे आपल्या देशांत सर्वत्र आढळतात. त्या काळच्या रुळांच्या कण्यावर पुष्कळदां घडविणाऱ्या कारखान्याचें नांव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतें. हाहि एक प्रकारचा शिलालेखच. फक्त तो लोखंडावर आहे आणि त्याचा ठसा घेण्यास कोणी येत नाहीं.

जालन्यांत तर या लेखांस विशेष भय आहे. औरंगाबाद रस्त्याच्या बाजूस जी औद्योगिक वसाहत वाढली, तींत पोलादाचे कारखाने आहेत. बांधकामाच्या सळ्यांसाठीं हें गांव आज महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. या भट्ट्यांचें मुख्य अन्न भंगार. विजेच्या भट्टींत तें वितळवितात, त्याच्या कांबी ओततात आणि लाटून सळ्या काढतात. जुन्या मोटारीची दांडी, जिनाचें चाक, रुळाचा तुकडा, भट्टीला सगळें सारखें. कापसाच्या पेठेची जागा बियाण्यांनीं आणि पोलादानें घेतली याबद्दल आम्हांस खेद नाहीं. हजारों लोकांची भाकरी त्यावर आहे. मात्र तुकडा भट्टींत टाकण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें कोणी उतरून घेतलीं, तर कारखानदाराचें कांहींच जाणार नाहीं. शाळेंतील मुलांकडूनहि हें काम होण्याजोगें आहे. चुना, कागद आणि पेन्सिल एवढें साहित्य पुरे.

दरम्यान नवे रस्ते येतच आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुरू झाली. ती मनमाडास थांबते ती उतारूंसाठीं, मापासाठीं नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्र सरकारनें जालना-जळगांव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. हा मार्ग अजिंठ्याच्या बाजूनें खानदेशांत उतरेल, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ पूर्व-पश्चिम धावणाऱ्या जालन्याच्या गाडीस उत्तरेची वाट प्रथमच मिळेल. त्याचे भराव पडतील तेव्हां माती कोणाच्या शेतांतून निघाली, कोणती विहीर बुजली आणि कोणत्या पायवाटेवर फाटक आलें, याची नोंद १९०१ सालीं कोणी ठेवली नव्हती. या खेपेस ती ठेवण्यास गांवोगांवचे तलाठी, शिक्षक आणि कॅमेरा असलेला प्रत्येक मुलगा हाताशीं आहे.