बी. प्रभा ह्यांची चित्रसृष्टी आणि भीमा-नीरेचा प्रदेश

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांतून नीरेच्या डाव्या कालव्याने एक रेघ ओढली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हा कालवा वाहू लागला, आणि तेव्हापासून कालव्याखालची नदीकाठची जमीन ती बागायत व वरची ती जिरायत, अशी विभागणी लोकांच्या बोलण्यात रूढ झाली. एकाच तालुक्यात ऊसही आहे आणि टँकरच्या पाण्याची वाट पाहणारे गावही आहे. ह्या दोन्ही बाजूंना समान असे काही असेल तर ती डोक्यावर ओझे घेऊन चाललेली बाई होय. बारामतीचे वाङ्मयीन भूषण जे मोरोपंत (१७२९–१७९४), त्यांच्या आर्यांत प्रामुख्याने पुराणांतील स्त्री वावरते. पाटी वाहणाऱ्या स्त्रीला मराठी चित्रकलेत मानाचे स्थान मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ते स्थान तिला ज्यांनी मिळवून दिले त्यांत बी. प्रभा (१९३३–२००१) ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

प्रभा ह्यांच्या पूर्वी महाराष्ट्रात चित्रकर्ती नव्हत्या असे नाही. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) ह्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची पदविका १९३१ साली संपादन केली. त्याच पिढीतील अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) ह्यांनी ख्रिस्ती विषयांना भारतीय वेष दिला. परंतु पहिल्या रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या कन्या व दुसऱ्या आंतोनियो शाविएर त्रिंदादांच्या कन्या, ह्याच नात्याने त्यांचा उल्लेख करण्याची आपल्या कलेतिहासलेखकांना सवय जडली. ‘चित्रकार’ हा शब्द उभयलिंगी आहे असे आपण मानतो खरे. पण तो बाईच्या बाबतीत वापरताना लेखणी अडखळते आणि बापाचे अथवा नवऱ्याचे नाव पुढे येते, हा मराठी गद्यातील नित्याचा अनुभव आहे.

अमृता शेर-गिल (१९१३–१९४१) ह्यांची गोष्ट थोडी निराळी. १९३६ साली त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईत झाले, त्यानंतर त्यांनी अजिंठा पाहिला, आणि १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना ‘तीन मुली’ ह्या चित्राबद्दल मिळाले. भारतीय खेड्यातील स्त्रीकडे गंभीरपणे पाहण्याचा पायंडा त्यांनी पाडला. प्रभा ह्यांच्यावर त्यांचा संस्कार होता हे सर्वमान्य आहे. तथापि दोघींच्या पाहण्यात एक मूलभूत अंतर राहते. शेर-गिल ह्या बुडापेस्टमध्ये जन्मून, पॅरिसमध्ये शिकून खेड्याकडे आल्या. प्रभा ह्यांचा जन्म नागपूरजवळील बेला ह्या गावीच झाला. एकीला खेडे शोधून काढावे लागले, दुसरीला ते सोडून शहरात यावे लागले.

नागपुरात प्राथमिक कलाशिक्षण घेऊन प्रभा मुंबईच्या कलाशाळेत आल्या व १९५४-५५ च्या सुमारास त्यांनी तेथील शिक्षण पूर्ण केले. १९५६ साली शिल्पकार बी. विठ्ठल ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी मिळून केलेल्या आरंभीच्या प्रदर्शनातील प्रभा ह्यांची तीन चित्रे डॉ. होमी भाभा ह्यांनी विकत घेतली. त्याच वर्षी एअर इंडियाने त्यांची सहा चित्रे प्रत्येकी सुमारे ८७ रुपयांस खरेदी केली, आणि पुढे काही हजार कलाकृतींपर्यंत वाढलेल्या त्या संग्रहाचा तो प्रारंभ ठरला. ह्या रकमेची आजच्या लिलावांतील किमतींशी तुलना करण्याचा मोह टाळलेला बरा. कलावंताच्या हयातीतील तिची गरज त्या लिलावांनी भागत नसते.

आरंभी प्रभा ह्यांनी अमूर्ताकडे झुकणारे प्रयोग केले, निरनिराळी माध्यमे हाताळली, आणि अखेर तैलरंगात व मनुष्याकृतीत त्या स्थिरावल्या. त्यांची शैली एकदा पाहिली की पुन्हा ओळखावी लागत नाही. लांबवलेली मान, सडसडीत देह, किंचित झुकलेले डोळे, आणि बहुधा एकाच रंगाच्या अंमलाखाली असलेली पार्श्वभूमी. ह्या लांब मानेचा उगम टीकाकार पाश्चात्त्य चित्रकारांत, विशेषतः मोदिल्यानीत शोधतात. तो शोध सर्वस्वी चुकीचा नसेल. परंतु ज्याने चुंबळीवर घागर किंवा पाटी घेतलेली बाई चालताना पाहिली आहे, त्याला ह्या मानेसाठी पॅरिसपर्यंत जाण्याचे प्रयोजन उरत नाही. ओझ्याखाली मान वाकली की ओझे पडते. म्हणून ती ताठ राहते, नजर खाली उतरते, आणि हात वर जातो किंवा मोकळा सुटतो. ओझे काढून घेतले तरी देहाला लागलेली ती ठेवण जात नाही. प्रभा ह्यांच्या ज्या चित्रांत डोक्यावर काहीही नाही, त्यांतील स्त्रियाही ओझे वाहिल्याप्रमाणेच उभ्या असतात. त्यांच्या निरीक्षणाची खरी खोली येथे प्रतीत होते.

त्यांच्या विषयांत कोळिणी सर्वांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जोडीला दुष्काळ, भूक व बेघरपणा हे विषयही येतात. मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळीण आणि अवर्षणात होरपळलेली देशावरची बाई ह्या दोन वेगळ्या जगांतल्या, असे सामान्यतः समजले जाते. इंदापूर तालुक्यात मात्र ही दोन जगे एकत्र आली आहेत. १९७२-७३ च्या दुष्काळात ह्या भागातील स्त्रिया खडी फोडण्यास व पाझर तलावांच्या मातीकामास गेल्या. सुकडी आणि मिलो हे शब्द त्या वर्षांनीच घरोघरी पोचवले. पुढे १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पुरे झाले. भीमाकाठची गावे उठली, पळसदेवाचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, आणि जेथे ज्वारी होती तेथे जाळी पडू लागली. भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला. म्हणजे दुष्काळाची बाई, उठलेल्या गावाची बाई आणि मासळीची पाटी वाहणारी बाई ह्या तिघी एका पिढीच्या अवधीत, एकाच तालुक्यात दिसू लागल्या; कित्येक घरांत तर त्या तिघी मिळून एकच व्यक्ती असावी. ही तुलना चरित्रावर आधारलेली नसून विषयाच्या साम्यावर उभी आहे. तरीही ती प्रभा ह्यांच्या चित्रांकडे पाहण्याची एक वाट मोकळी करते. त्यांनी जे वेगवेगळ्या फलकांवर रंगविले ते वेगवेगळ्या स्त्रियांचे नव्हे, तर एकाच स्त्रीच्या फिरत्या दशेचे चित्रण होते असे म्हणावयास ह्या प्रदेशाचा आधार मिळतो.

ह्या कलेवर एक आक्षेप घेतला जातो व तो टाळता येण्यासारखा नाही. दुःखाला इतके देखणेपण यावे काय? प्रभा ह्यांच्या स्त्रिया भुकेल्या असूनही डौलदार आहेत. त्यांच्या हातांना घट्टे नाहीत, पायांना भेगा नाहीत. उत्तरकाळात मागणी वाढल्यावर त्याच आकृतीची पुनरावृत्ती झाली, आणि काही चित्रे दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडे जात नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. परंतु उत्तम चित्रांबाबत हा आक्षेप लंगडा पडतो. तेथील डौल चित्रकर्तीने वरून चढविलेला नसतो. आपली कीव केली जाऊ नये म्हणून बाई जो ताठपणा धारण करते, तोच तेथे रंगात उतरलेला असतो. रोजगार हमीच्या कामावर हजेरी देण्यास जातानाही धडके लुगडे नेसून जाणारी बाई ज्याला ठाऊक आहे, त्यास हे समजावून सांगावे लागत नाही.

बी. विठ्ठल १९९२ साली निवर्तले. पुढील वर्षी प्रभा ह्यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘श्रद्धांजली’ ह्या नावाने त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरविले. अंबिका धुरंधरांनी वडिलांची चित्रे आयुष्यभर जपली, त्याच्याशी ह्याचे साम्य सहज लक्षात येते. फरक इतकाच, की तोवर प्रभा ह्यांचे नाव पतीच्या नावाहून अधिक दूरवर पोचलेले होते. २००१ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. एअर इंडियाचा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपविण्याचे २०२३ साली ठरले.